उद्याच्या घरात उरलेलं काम

१९६७ साली अमेरिकेतल्या फिल्को-फोर्ड कंपनीने आपल्या पंचाहत्तरीनिमित्त एक छोटा चित्रपट काढला. ‘१९९९ ए. डी.’ हे त्याचं नाव आणि बत्तीस वर्षांनंतरचं घर हा त्याचा विषय. घरातली बाई पडद्यासमोर बसून दुकानातल्या वस्तू न्याहाळते आणि बसल्या जागी पसंत करते. मुलगा घरच्या पडद्यावर धडे गिरवतो. पत्रं यंत्रातून जातात-येतात. दुपारी कोणी काय खावं हे संगणक सुचवतो आणि गोठवून ठेवलेलं जेवण बघता बघता गरम होऊन पुढ्यात येतं. ऑनलाइन खरेदी, ई-मेल, घरचा संगणक, मायक्रोवेव्ह. तपशिलात थोडं इकडेतिकडे झालं, पण यातलं बहुतेक सगळं खरं ठरलं.

चुकलं ते पुढच्या दृश्यात. बायकोने जे पसंत केलं त्याचा हिशेब नवऱ्याच्या वेगळ्या पडद्यावर उमटतो आणि पैसे तो भरतो. यंत्रं १९९९ ची, संसार मात्र १९६७ चा. चित्रपटानंतर सातच वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला आणि अर्जदार बाई आहे किंवा तिचं लग्न झालेलं आहे एवढ्या कारणावरून कर्ज वा क्रेडिट कार्ड नाकारणं बेकायदा ठरलं. बत्तीस वर्षं पुढचा संगणक ज्यांना दिसला, त्यांना सात वर्षांवर आलेलं बायकोचं खातं दिसलं नाही.

तंत्रज्ञानाची भाकितं फसतात यात नवं काही नाही. फसलेल्या भाकितांच्या याद्या वाचून हसण्याची करमणूकही जुनीच आहे. पण त्या याद्यांमुळे एक गोष्ट नजरेआड होते. यंत्राला काय जमेल याबद्दलचे अंदाज पुष्कळदा बरोबर असतात. नवं यंत्र घरात आलं की जुन्या कामाचा एक भाग ते उचलतं, एक भाग तसाच उरतो आणि वर थोडं नवं काम तयार होतं. हे उरलेलं काम कोणाच्या अंगावर पडणार आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, याचा भाकितात बहुधा पत्ता नसतो. रोजचं जगणं बदलतं ते मात्र याच वाटणीतून.

याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात नीट तपासला गेलेला पुरावा स्वयंपाकघरातच आहे. १९५७ मध्ये मोन्सॅन्टो कंपनीने कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘भविष्याचं घर’ उभारलं. भिंती, छत, खुर्च्या, सगळं प्लास्टिकचं आणि मायक्रोवेव्हसारखी नवलाईची उपकरणं. दहा वर्षांनी ते पाडायला घेतलं, तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतींवर आपटून उसळत राहिला आणि एका दिवसाच्या कामाला दोन आठवडे लागले, असा किस्सा सांगतात. भिंती अशा चिवट होत्या. त्या घरात कल्पिलेली कामाची विभागणी त्याहून चिवट निघाली.

१९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात जोआन व्हॅनेक यांनी घरकामाच्या तासांचा हिशेब मांडला. १९२० च्या दशकात बाहेर नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती. मधल्या काळात धुलाईयंत्र, फ्रीज, व्हॅक्यूम क्लीनर, गॅस असं सगळं आलं. १९६० च्या दशकातला आकडा निघाला ५५. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात त्यामागची कारणं उलगडून दाखवली. चुलीसाठी लाकडं फोडायचं काम पुरुषांचं आणि मुलांचं होतं, ते गॅस आल्यावर संपलं. रांधण्याचं काम बाईचं होतं, ते राहिलं. मोठे कपडे धोबिणीकडे जात होते, ते यंत्रासोबत घरात परत आले. आठवड्यातून एकदा बदलायचा सदरा रोज बदलला जाऊ लागला. यंत्राने प्रत्येक खेपेचे कष्ट कमी केले आणि खेपा वाढवल्या.

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत हे जवळून बघता येतं. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून घेतलेल्या यंत्राला पाणी कधी आहे हे कळत नाही. नळाच्या वेळा ध्यानात ठेवून ते कुणीतरी लावावं लागतं. रंग जाणारे कपडे वेगळे काढायचे, खिशातली नाणी आणि रेल्वेचं तिकीट चाचपायचं, सदऱ्याची कॉलर आधी ब्रशने घासायची. यंत्र थांबलं की पिळे सोडवून, झटकून वाळत घालायचे, पावसाळ्यात घरभर दोऱ्या बांधायच्या, मग घड्या आणि इस्त्री. धुण्यातली दमछाक गेली, हे खरंच मोठं सुख आहे. पण दुकानदार ‘एक बटण दाबा’ म्हणतो तेव्हा या बाकीच्या गोष्टी कोण करतं हे त्याला विचारायचं राहून जातं. घराघरांत त्याचं उत्तर एकच येतं, आणि सरकारी आकडेवारीतही तेच दिसतं. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मधल्या पाच वर्षांत स्मार्टफोन, घरपोच किराणा, गॅसजोडण्या यांचा एवढा बोलबाला झाला. बाईच्या वाट्याची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाच्या वाट्याची नऊ.

उरलेल्या कामाकडे आधी बघून यंत्र घडवलं तर काय होतं, त्याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. परदेशी मिक्सर भारतीय घरांत येत होते, पण ते अंडी फेसायला, फळांचा रस काढायला घडवलेले. त्यांच्या भाकितातल्या स्वयंपाकघरात चटणी आणि पुरणाचं वाटण नव्हतं, त्यामुळे पाटा-वरवंटा जागेवर आणि भिजवलेल्या डाळीपुढे मोटर जळलेली. मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ब्राउन मिक्सर असाच बंद पडला. तेव्हा त्यांनी ओलं-सुकं दोन्ही वाटेल अशी दमदार मोटर घडवायला घेतली. १९६३ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली आणि ‘सुमीत’ घरोघरी गेला. अंदाज बांधणाऱ्याने वाटण करणाऱ्या हातांकडे बघून सुरुवात केली होती, म्हणून तो खरा ठरला.

व्हिडिओ फोनची गोष्ट वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो इथे त्याची केंद्रं उघडली. तीन मिनिटांच्या बोलण्याला १६ ते २७ डॉलर. १९७० मध्ये पिट्सबर्गला कार्यालयांसाठी ही सेवा सुरू झाली, महिना १६० डॉलर भाड्याने. काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. भाडं जबर होतं आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेही तसाच संच लागत होता, ही कारणं उघड आहेत. त्याखेरीज आणखी एक होतं. फोनवर बोलणारा माणूस दिसत नाही, ही फोनची उणीव आहे असं अभियंत्यांनी धरलं होतं. बोलणाऱ्यांना ती सवलत वाटत होती. चित्र आलं की भांग पाडणं, टेबल आवरणं, लक्ष देतोय असा चेहरा ठेवणं ही कामं वाढतात, आणि ती करायला कचेरीतले साहेब तयार नव्हते.

पुढे हेच यंत्र जवळपास फुकट झालं आणि फ्रीमाँट किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीकडून सांगलीतल्या आजीला नातवाचं रांगणं दिसू लागलं. आवरून बसण्याचं काम तिथे कोणाला जड जात नाही. आजी तर फोनच्या वेळेआधी पातळ बदलून बसते. कंपनीचा अंदाज यंत्राबाबत अचूक होता. गिऱ्हाईक मात्र तिने चुकीच्या खोलीत शोधलं होतं.

२०२० च्या टाळेबंदीत तोच पडदा शाळा झाला, म्हणजे फिल्को-फोर्डच्या चित्रपटातलं आणखी एक दृश्य खरं ठरलं. त्या चित्रपटातल्या मुलासमोर त्याचा स्वतःचा पडदा होता. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२१ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतल्याही चौथाईहून अधिक मुलांच्या हाती तो येतच नव्हता. फोन बाबांबरोबर कामावर जात होता. जिथे मुलाला मिळत होता, तिथे जोडणी करून देणं, शेजारी बसून लक्ष ठेवणं, वहीचे फोटो पाठवणं ही नवी कामं बहुतेक घरांत आईच्या पदरी आली.

आपल्याकडच्या भाकितांचा पडताळा घ्यायचा तर वारणानगरला जायला हवं. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली वारणेची सहकारी चळवळ, अशा तिघांचा त्यात वाटा होता. गावागावांत संगणक केंद्र निघेल, शेतकऱ्याला तिथे बाजारभाव, हवामान, पिकांवरचा सल्ला, सरकारी योजना सगळं मिळेल, असं सांगितलं गेलं. देश-विदेशातून लोक बघायला आले. माहिती पोहोचली की शेती बदलेल, अशी त्या काळाची श्रद्धा होती.

केंद्रं चालली, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण शेतकरी तिथे येत होता तो जागतिक बाजाराचे भाव बघायला नव्हे. ऊस लावल्याची नोंद झाली का, तोडीची पाळी कधी, कारखान्यात आपल्या उसाचं वजन किती भरलं, खताची उचल किती, बिल किती निघालं, हे विचारायला येत होता. पूर्वी यासाठी कारखान्याच्या कचेरीपर्यंत खेटा मारावा लागे, तो वाचला. म्हणजे फायदा झाला, फक्त ठरवला होता तो नव्हे. संगणकाच्या पडद्यासमोर बसत होता केंद्रावरचा चालक. शेतकऱ्याच्या हातात पडत होती छापील चिठ्ठी. आणि त्या चिठ्ठीपायी गावोगाव संगणक, प्रिंटर, वीज आणि दुरुस्ती सांभाळायची होती.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातली मंडळी वारणेला गेली. एवढ्याशा माहितीसाठी संगणक कशाला, असा सरळ प्रश्न त्यांना पडला. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरची एसएमएस सेवा चालवून पाहिली. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, कारखान्याच्या नोंदीतून उत्तर परत यायचं. लोकांना ते पसंत पडलं. या गटातले केंटारो टोयामा पुढे २०१५ च्या ‘गीक हेरेसी’ या पुस्तकात याहून कडक निष्कर्षाला आले: तंत्रज्ञान समाजात आधीच असलेल्या शक्तींना वाढवतं, नसलेल्या शक्ती ते निर्माण करत नाही. वारणेत सहकाराची यंत्रणा होती, खाती होती, वजनाची नोंद होती, म्हणून संगणकाला करण्यासारखं काही होतं. जिथे हे नव्हतं, तिथल्या कित्येक माहिती केंद्रांच्या वाट्याला कुलूप आलं.

दुसरा पडताळा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या धसईचा. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर, १ डिसेंबरला, हे महाराष्ट्रातलं पहिलं ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झालं. आसपासच्या पाड्यांची ही बाजारपेठ. दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं मिळाली, लोकांना कार्डं मिळाली, वडापाव आणि भाजी कार्डावर घेतानाचे फोटो छापून आले. वर्षभराने बातमीदार परत गेले, तेव्हा बाजार बहुतांशी रोखीवर आलेला होता. यंत्राला नेटवर्क लागतं आणि ते हवं तेव्हा नसतं. कार्डाच्या व्यवहारावर बँकेचं शुल्क जातं. रक्कम खात्यात येईपर्यंत थांबावं लागतं. घाऊक व्यापाऱ्याला मात्र रोख हवी असते. हे सगळं उरलेलं काम दुकानदाराच्या गल्ल्यावर टाकलं होतं आणि त्याने ते बिनबोभाट बाजूला सारलं.

गंमत अशी, की कॅशलेस गावाच्या घोषणेआधी सात-आठ महिने, एप्रिल २०१६ मध्ये, मुंबईतच यूपीआयचा आरंभ झाला होता. त्या वेळी त्याकडे फार कोणाचं लक्ष नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा यूपीआयने ओलांडला. कार्ड यंत्र जिथे हरलं तिथे एक छापील चौकोन जिंकला, कारण त्याने दुकानदाराच्या माथ्यावरचं काम उचललं. चौकोनाला बॅटरी नको, कागदाची गुंडाळी नको, पावसात भिजला तर दुसरा चिकटवता येतो. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला त्यावर शुल्कही द्यावं लागत नाही. तरी एक काम उरलं होतं: पैसे आले की नाही हे गर्दीच्या वेळी तपासायचं. गिऱ्हाईक स्वतःचा मोबाइल पुढे करून ‘गेले बघा’ म्हणतं, आणि भाजीवालीचा हात मेथीच्या जुडीत गुंतलेला असतो. त्यावर उपाय म्हणून बोलणारी पेटी आली. ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ हे मोठ्याने सांगणारं यंत्र कुठल्याही भविष्यवेधी चित्रपटात नव्हतं. अमेरिकेतल्या घराच्या शांत दिवाणखान्यात बसून मंडईतल्या कोलाहलाची कल्पना कशी यावी?

रोख मात्र गेली नाही. नोटाबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. २०२४ पर्यंत तो आकडा ३५ लाख कोटींच्या आसपास गेला. एक भाकीत अपेक्षेच्या कितीतरी पट खरं झालं आणि त्याला जोडलेलं दुसरं साफ खोटं ठरलं. रोख फक्त पैसे देण्यासाठी लागते असं धरलं, तर याचा उलगडा होत नाही. अडीअडचणीला घरात हाताशी असणं, नवऱ्याला न कळता बाजूला पडणं, सरकारच्या नजरेत न येणं, ही तिची बाकीची कामं यूपीआयने घेतलेली नाहीत. त्यातली काही घेण्याची त्याची तयारीही नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. यंत्राची ताकद मोजता येते. माणसं काय करतील हे कोणाला सांगता आलं आहे? संगणकाच्या चिप घडवणाऱ्या उद्योगातले गॉर्डन मूर यांनी १९६५ च्या लेखात घरगुती संगणक, गाड्यांचं स्वयंचलित नियंत्रण आणि खिशात बाळगायची संपर्काची साधनं यांचा उल्लेख केला होता आणि तो बरोबर निघाला, कारण त्यांचा हिशेब किमतीचा होता. मग भाकीत करणाऱ्याने तेवढंच करावं, संसाराचा विचार बाकीच्यांनी करावा, असं म्हणता येईल.

पण माणसांबद्दल अंदाज बांधताच येत नाही, हे खरं नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९०९ मध्येच ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत स्वतंत्र खोल्यांत बसलेली, पडद्यावरून बोलणारी आणि प्रत्यक्ष भेट टाळू लागलेली माणसं रंगवली. तेव्हा दूरचित्रवाणीही नव्हती. फॉर्स्टर कादंबरीकार होते, त्यांना कुठलं यंत्र विकायचं नव्हतं. फिल्को-फोर्डला विकायचं होतं. ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानाची बहुतेक भाकितं ही जाहिरातीच असतात. गुंतवणूकदाराकडून पैसा, सरकारकडून धोरण आणि गिऱ्हाइकाकडून उत्सुकता मिळवण्यासाठी ती केली जातात. त्यांत उरलेलं काम गाळलं जातं, कारण ते दाखवलं तर विक्री अडते. त्याला अज्ञान म्हणणं भाबडेपणाचं होईल.

अलीकडच्या काळात हे गाळणं जास्त सफाईने होतं. ॲमेझॉनने जानेवारी २०१८ मध्ये सिएटलला असं दुकान लोकांसाठी उघडलं, जिथे रांग नाही, रोखपाल नाही. वस्तू उचला आणि चालू लागा. छतावरचे कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता बाकीचं बघेल. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढायचं ठरवलं. त्या सुमारास बातम्या आल्या, की हे व्यवहार तपासण्यासाठी भारतात सुमारे हजार माणसं बसून चित्रफिती पाहत होती. कंपनीने या वर्णनाला हरकत घेतली: ही माणसं यंत्र सुधारण्यासाठी नोंदी करतात आणि थोड्याच व्यवहारांची खातरजमा करतात, असं तिचं म्हणणं. ते जसंच्या तसं मानलं तरी मुद्दा उरतोच. सिएटलच्या गिऱ्हाइकाला रोखपाल दिसेनासा झाला, आणि त्याच्या कामाचा एक तुकडा समुद्र ओलांडून भारतातल्या कुठल्याशा इमारतीत आला.

किराण्याची कथाही अशीच. वेबव्हॅन नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये घरपोच किराणा सुरू केला. प्रचंड स्वयंचलित गोदामं बांधली. जुलै २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. गोदामात यंत्रं होती, पण दारापर्यंत पिशवी नेणारा माणूस तिथे महाग होता. तेच भाकीत वीस वर्षांनी मुंबईत जमलं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या झेप्टोसारख्या कंपन्या दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देऊ लागल्या, तेव्हा सगळीकडे ॲपचं आणि गणिती पद्धतीचं कौतुक झालं. त्या यशात दुचाकीवरच्या, स्वतःचं पेट्रोल घालून जिने चढणाऱ्या पोराचा वाटा कितीतरी मोठा आहे. वाण्याकडे यादी पाठवून सामान घरी मागवायची पद्धत मुंबईत ॲपच्या कितीतरी आधीची. फरक एवढाच, की वाण्याच्या दुकानातला पोऱ्या वाण्याचा नोकर होता. या नव्या पोराला काय म्हणायचं, हे कायद्याला २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा लिहावं लागलं.

आता नव्या भाकितांची लाट आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक तिकिटं काढेल, पत्रं लिहील, आईच्या औषधांच्या वेळा सांभाळेल, मुलाचा अभ्यास घेईल. यातलं बरंचसं यंत्राला जमेल, असं मानायला हरकत नाही. आधीचा अनुभव तसाच आहे. प्रश्न पुढचे विचारायचे. साहाय्यकाने तिकीट चुकीच्या तारखेचं काढलं तर भांडण कोणाशी? त्याने लिहिलेलं पत्र वाचून तपासायचं काम किती मिनिटांचं? आईची गोळी खरोखर पोटात गेली का, हे बघायला घरात कोण आहे? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात म्हणून ते परिषदांच्या व्यासपीठावर येत नाहीत. घरात मात्र रोज सकाळी हेच समोर येणार आहेत.

महाराष्ट्रात याची परीक्षा लवकरच होईल. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांवरून पाणी कधी द्यायचं, खत किती घालायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद ठरवली. वारणेच्या वेळेपेक्षा यंत्रं शतपटींनी सरस आहेत. पण सेन्सर उंदराने कुरतडला तर दुरुस्ती कोणाकडे, ‘आज पाणी द्या’ असा संदेश आला आणि वीज रात्री दोनला असली तर बांधावर कोण जाणार, हे वारणेच्या प्रिंटरइतकेच जुने प्रश्न आहेत.

सल्ला कोणाच्या मोबाइलवर जाणार, हा प्रश्न तर कागदावरच सोडवता येण्याजोगा आहे. शेतकऱ्याचा नवा ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खातेदारांत स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. खुरपणी, लावणी, वेचणीला मात्र रानात बहुतेक त्याच दिसतात. सातबाऱ्यावरच्या नावाप्रमाणे सल्ला पाठवला, तर करपा पडल्याचा संदेश तालुक्याला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात वाजेल आणि पान हातात धरून ती वाफ्यात उभी असेल. नोंदणीच्या अर्जात दुसऱ्या मोबाइल क्रमांकासाठी एक रकाना ठेवायला त्या ५०० कोटींतले किती लागतील, हा हिशेब कृषी खात्याला पहिल्याच बैठकीत करता येईल.